कानशीची खूण

गर्शोम मिस्त्रीचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, आणि तेलाचा विषय निघाला की तो तिथंही मावत नसे. "आमच्या सात पिढ्यांनी घाणा चालवला. तेल मोजायला मला शिकवता?" पनवेलच्या मोटारस्टँडवर हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. इंजिन थंड हवं, गाडी सपाटीवर हवी, काडी पुसून दोनदा बुडवायची. यात चुकणाऱ्याची तो खरडपट्टी काढी.

छप्पन्न साली त्यानं दाजीशेठची तीस वर्षं जुनी मोटार दुरुस्त करून उभी केली. तोवर तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तेल मोजायची मूळ काडी हरवलेली. गर्शोमनं शेडमध्ये नवी घडवली, इंजिनात नेमकं तेल मापून ओतलं आणि ते काडीवर जिथवर आलं तिथं कानशीनं खूण केली.

तिसऱ्याच महिन्यात कर्नाळ्याच्या चढावर इंजिन जाम झालं.

"खुनेपर्यंत तेल होता, मिस्त्री," ड्रायव्हर तुळशीराम कळवळून म्हणाला. "सपाटीवर बगितला मी. आमी खोटा नाय बोलत."

"थापा मारतोस! सुकं चालवलंस इंजिन!" गर्शोम भर स्टँडवर ओरडला.

शेठनं मिस्त्रीचा शब्द मानला. बारा वर्षं ड्रायव्हरकी केलेला तुळशीराम न्हावा गावच्या मिठागरात टोपल्या उचलू लागला.

शेडमध्ये इंजिन उघडताना एक नट काही केल्या निघेना. गर्शोमनं चिडून तेलाच्या डब्याला लाथ घातली. काळं तेल फरशीवरून थेट मागच्या भिंतीकडे धावलं आणि तिथल्या गोणपाटात मुरलं. सांडलेलं तेल तिथंच जमतं म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यानंच ते टाकलं होतं.

फरशीच्या याच उतारावर गाडी उभी करून त्यानं खूण केली होती! तेल इंजिनाच्या मागच्या अंगाला सरकलेलं, काडी पुढच्या अंगाला. खूण खालीच पडली. तुळशीराम सपाटीवर खुणेइतकं तेल राखत होता, म्हणजे कमीच राखत होता. गर्शोम संतापला, आणि ओरडायला समोर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मिठागरावर गेला. "चूक माझी होती, तुळशीराम."

तुळशीरामनं डोक्यावरची टोपलीही उतरवली नाही. "मना काय सांगता? बोंबललात स्टँडवर ना? तितंच सांगा."

संध्याकाळी स्टँडवर, दाजीशेठसमोर, गर्शोम बोलला. पण इतका हळू, की मागच्यांना काही कळलं नाही.

"मोठ्यानं, मिस्त्री!" मागून तुळशीराम ओरडला.

गर्शोमनं पुन्हा सांगितलं, त्या दिवशीच्याच आवाजात.