कळंबच्या गाडीनं वाचवलेला नायक

येरमाळ्यात सिनेमावरून वाद पेटला की तो शरणबसप्पांच्या ओसरीवर येऊन मिटतो. तंबूतल्या टॉकीजवर त्यांनी वीस वर्षं मशीन चालवलं. गाव आजही त्यांना ऑपरेटर म्हणतं, आणि तेवढ्या एका शब्दावर हा म्हातारा ताठ मानेनं चालतो. घरात त्यांना कुणी विचारत नाही, सून चहात साखरसुद्धा घालू देत नाही. पण कुठल्या सिनेमात कोण कुणाचा भाऊ, हे त्यांनी सांगितलं की विषय संपला.

यंदा हायवेवरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर एक जुना सिनेमा रंगीत होऊन आला आणि गावात गहजब झाला. नायक शंभू शेवटी चक्क मेला. सुरा खाऊन, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, वर चांगली दहा मिनिटं बोलून मेला.

"ह्या लोकांनी सिनेमा नासवला," आण्णासाहेब म्हणाले. हे ऑपरेटरांचे लंगोटीयार, तीस एकरांचे धनी. "शंभू जगतो. त्याचं लगीन लागतं. नवरीच्या अंगावर हिरवा शालू व्हता, म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय."

सिनेमा मुळात काळा-पांढरा. तरी हिरव्या शालूला चौघांनी माना डोलावल्या. पाचव्याला तर वरातीतला घोडाही आठवला.

सिनेमाचा खरा शेवट दाखवा, असा लगोलग चॅनेलवाल्यांना अर्ज लिहिला गेला. दोनशे सह्या झाल्या, पण सगळ्यात वर ऑपरेटरांची सही नसेल तर अर्जाला वजन कसलं? म्हणून आण्णासाहेब बायकोला, लक्ष्मीबाईंना, घेऊन त्यांच्या ओसरीवर आले. मागं निम्मी आळी होतीच.

ऑपरेटरांनी पेन घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही. शंभूला जगवलं होतं ते त्यांनीच. येडेश्वरीच्या यात्रेत शेवटचं रीळ लागायला आणि कळंबची शेवटची एसटी सुटायला एकच गाठ पडायची. हॉर्न वाजला की अर्धा तंबू उठून पळायचा. मग त्यांनी कात्री चालवली, मरण सगळं उडवलं आणि आई 'ऊठ बाळा' म्हणाली की लगेच 'समाप्त'ची पाटी. पुढचं गावानं आपापल्या घरी जाऊन उरकलं.

इतकी वर्षं ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. पण खोट्या अर्जावर ऑपरेटर म्हणून सही करायची?

"शंभू मरतोच," ते म्हणाले. "म्या कापलं व्हतं ते. लोकांची गाडी चुकू नये म्हणून. लगीन तर म्या दावलंच न्हाय, ते तुमीच लावलं."

ओसरी हसली. "वय झालं तुझं," आण्णासाहेब म्हणाले. "का च्यानलवाल्यांनी चहा पाजला?"

हसल्या नाहीत त्या एकट्या लक्ष्मीबाई. त्यांची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी पोटुशी असताना त्यांनी तो सिनेमा पाहिला. एवढे वार झेलून जगलेल्याचं नाव ठेवलं तर पोर टिकेल, या आशेनं मुलाचं नाव त्यांनी शंभू ठेवलं. पोर टिकलं. आता तो हायवेवर टँकर चालवतो, आणि टीव्हीवर ते मरण पाहिल्यापासून चार दिवस या माउलीच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"भावजी," त्यांनी हळूच विचारलं, "खरंच मरतो व्हय?"

अख्ख्या आळीत ऑपरेटरांवर विश्वास ठेवणारी ही एकच बाई.

"न्हाय वहिनी," ते म्हणाले. "म्या दुसऱ्याच सिनेमातलं सांगत व्हतो. हल्ली काय ध्यानात ऱ्हात न्हाय बघा. शंभू जगतो."

लक्ष्मीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि ऑपरेटरांच्या सुनेकडं पाणी मागितलं.

"आता सिनेमाचं ह्यांना इचारायचं बंद करा," मागून कुणीतरी म्हणालं.

ऑपरेटरांनी ते ऐकलं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि दोनशे सह्यांच्या वर शरणबसप्पा असं ठसठशीत लिहिलं. पुढं 'ऑपरेटर' तेवढं लिहिलं नाही.