भिंतीवरचं बटण

मंगळवारी नवरा गेला. शुक्रवारी संगणक बिघडला.

बिघडण्यात त्याचाच हात होता. अख्खी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढलेला माणूस. यंत्राला ‘आता बंद हो’ अशी विनंती करणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यात निवृत्तीनंतर बुद्धिबळाचा नाद लागला, तोही संगणकाशी. जिंकायची खात्री असली की डाव सेव्ह करून रीतसर उठायचा. हरायला लागला की भिंतीवरचं बटण खटकन बंद. "सप्लाय गेला," असं मला सांगायचा. डोक्यावर पंखा फिरत असायचा.

अशा खटक्यांनी विंडोजच्या आतल्या फायली खराब होतात. झाल्याच. सुरू केलं की निळा पडदा यायचा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

भेटायला आलेले दीर म्हणाले, "वहिनी, फॉर्मॅट मारा. नव्यासारखा होईल."

"यांचा शेवटचा डाव आहे त्यात. तो जाईल."

"दादा जिंकला कधी होता?"

नणंद म्हणाली, "सुतकात दुरुस्त्या करू नयेत."

"वन्सं, काल शेगडी तुम्हीच दुरुस्त करून घेतलीत."

"चहाचं वेगळं असतं."

दुपारी दोघं आडवी झाल्यावर मी संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला. फोनवर वाचून काळ्या चौकटीत दुरुस्तीची आज्ञा लिहिली. दोन शब्दांमधली एक जागा सोडायची राहिली तर ती चालत नाही. रामकुंडावरच्या गुरुजींच्या मंत्रांसारखंच: अर्थ विचारायचा नाही, उच्चार चुकवायचा नाही.

टक्के सरकत राहिले. मग एक ओळ आली: खराब फायली सापडल्या, दुरुस्त केल्या. मंगळवारपासून घरी आलेल्यांपैकी कुणीही इतकं मुद्द्याचं बोललं नव्हतं.

डाव उघडला. सेव्ह केलाय म्हणजे जिंकत असणार, असं मी धरून चालले होते. पटावर त्याचा वजीर नव्हता. हत्तीही नव्हते. मला खेळातलं फार कळत नाही, पण त्याने काहीही केलं तरी पुढच्या चालीला मात होती, हे मलाही दिसलं.

दीर मागे येऊन उभे राहिले होते. "हरलाय की."

"हो."

"मग बटण का नाही दाबलं?"

"माहीत नाही."

संगणक आता नीट चालतो. मी तो रीतसर बंद करते. डाव तसाच आहे. चाल त्याची आहे.