शिगेसकट चौसष्ट

वसईच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. इमारतींच्या टाक्यांतलं पाणी किती, ते संगणकाला कळवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. यंत्र आणि संगणक एकमेकांशी कसे बोलतील त्याचे नियम मी लिहिले होते. माझं लिखाण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा माझा समज. कुणी शंका काढली की माझं डोकं फिरायचं.

त्यात एक वाक्य होतं: 'संदेश जास्तीत जास्त चौसष्ट बाइट.' यंत्राकडचा प्रोग्राम मी लिहिला, संगणकाकडचा नवीन लागलेल्या मुलीनं. आलेला संदेश ठेवायला तिनं चौसष्ट बाइटची जागा, म्हणजे बफर, केली. छोटे संदेश नीट गेले. पहिला भरगच्च संदेश गेला आणि गिऱ्हाइकासमोरच संगणक बंद पडला. साहेबांनी तिला सांगितलं, सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर कायम होणं विसर. मीही मान डोलावली.

रविवारी मनवेलपाड्यात आमच्या दारात नेहमीची तांदूळवाली आली. आईनं दहा मापं सांगितली, डबा दहाचाच. ती प्रत्येक माप काठाच्या वर ढीग करून ओतत होती; नववं माप पडतानाच तांदूळ फरशीवर सांडू लागला.

"अगं, शीग कशाला लावतेस?" आई ओरडली.

"आमच्यात माप म्हंजे शिगंसकट, बाय. सपाट कोन मोजतं?"

तांदूळ गोळा करता करता माझा हात थांबला. प्रत्येक संदेशाच्या आधी चार बाइटचा मथळा जायचा, कुणाकडून कुणाला ते सांगणारा. मी तो चौसष्टच्या वर पाठवत होतो. तिनं तो चौसष्टमध्येच धरला होता. माझ्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

सोमवारी साहेबांना सांगितलं, चूक माझ्या वाक्याची. "बरं, दुरुस्त करा," एवढंच ते म्हणाले. तिची नोकरी राहिली. मला कुणी मुदत दिली नाही.

मी नवं वाक्य लिहिलं: 'मथळा चार बाइट, मजकूर जास्तीत जास्त चौसष्ट, बफर अडुसष्ट.' सगळ्यांकडच्या नियमांच्या प्रतींत ते घालायचं म्हणून तिची प्रत मागितली. जुन्या वाक्याशेजारी तिनं पेन्सिलीनं विचारलं होतं, 'मथळा धरून की सोडून?' खाली माझ्या लाल पेनानं 'हो', आणि सही.

मला फार लाज वाटली. "मग परत का नाही विचारलंस?"

"विचारणार होते, सर. पण पहिल्यांदा विचारलं तेव्हाच तुम्ही चिडला होतात."