जाळीबाहेरचं बोट

जाळीतून आधी बोट बाहेर यायचं, मग आवाज. "घ्या दीदी, आमचं बोट."

मी इकडे हिंदी मुलखात, मदन महलच्या एका दवाखान्यात नर्स. पाटन रस्त्यावरच्या कॅथलिक मठातल्या सिस्टर जन्मभराचं व्रत घेऊन आत राहतात, बाहेर पडत नाहीत. म्हणून दर आठवड्याला त्यांच्यातल्या एकीची शुगर तपासायला मीच जायची. दिवसभर लोक मला सिस्टर म्हणतात, तिथे मात्र मी दीदी. या सिस्टर मूळच्या अमरावतीच्या. मराठी बोलायला मिळालं की खूश व्हायच्या, पण मठात बोलणं मोजकंच, त्यामुळे खुशीसुद्धा मोजकीच.

तुमच्याआमच्यासारखं 'माझं' तिथे काही नसतं. चप्पल आमची, खोली आमची. मला गंमत वाटायची. एकदा मात्र ती गंमत अंगाशी आली. शुगर अचानक उतरली तर तोंडात टाकायला मी त्यांना ग्लुकोजची पुडी दिली होती. पुढच्या खेपेला विचारलं, "पुडी आहे ना खिशात?"

"स्वयंपाकघरात दिली. रविवारी सगळ्यांचं सरबत झालं," त्या म्हणाल्या. "एकटीच्या खिशात कशी ठेवू?"

मी कपाळावर हात मारला.

ईस्टरआधीचे उपास सुरू झाले आणि एका सकाळी ते बोट बर्फासारखं गार लागलं. चेहरा घामेजलेला. शुगरचा आकडा फारच खाली उतरला होता.

"काहून नाही जेवल्या?"

"उपास करून राहिलो ना आम्ही."

"आणि शुगरची गोळी?"

"ती घेतली. तुम्हीच तर सांगितली होती."

उपाशीपोटी ती गोळी शुगर आणखी उतरवते. रागावू की रडू, कळेना. त्यांना साखरपाणी प्यायला लावलं आणि तडक मठाच्या प्रमुख मदरना गाठलं. "या माझं ऐकणार नाहीत. तुम्ही जेवायचा हुकूम द्या." मठात मदरची आज्ञा उपासापेक्षा मोठी. म्हाताऱ्या मदरनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. सिस्टर निमूट जेवल्या, वाटीतली डाळसुद्धा पुसून. मधूनच माझ्याकडे असं बघत होत्या, जणू मी त्यांची चुगली केली. माझा जीव भांड्यात पडला. ही हट्टी बाई मला फार आवडायची.

गेल्या वर्षी त्यांना दूरच्या मठात पाठवलं. मी नेहमीसारखी गेले, तर जाळीमागे दुसऱ्याच सिस्टर. निरोप घ्यायची त्यांच्यात पद्धत नाही.

यंदा उपासांचे दिवस आले तसा माझ्याच घशाखाली घास उतरेना. यांना हुकूम देऊन जेवायला लावावं लागतं, हे तिथल्या मदरना कोणी सांगितलं असेल का? या तर स्वतःहून तोंड उघडणाऱ्यातल्या नाहीत. शेवटी नंबर मिळवून फोन केला. दारावरच्या सिस्टरनी उचलला.

"वो मौन में हैं, दीदी. ठीक हैं."

"खाना खाती हैं?"

"सबके जैसा. एक टाइम, शाम को."

"और शुगर की गोली?"

"वो तो रोज सुबह बराबर लेती हैं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कभी भूलती नहीं."

"मदर को बुलाइए! अभी!" मी ओरडलेच. पलीकडे पावलं पळत गेली. फोन तसाच कानाला धरून मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते, आणि संध्याकाळ अजून फार लांब होती.