अरुणाबाईंचा दहावा हिस्सा

अरुणाबाईंचं डोकं ऑगस्टात जे तापलं, ते गणपती आले तरी उतरलं नाही.

कॅनडात केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात बाईंनी एकोणीस वर्षं उभ्यानं काम केलं, नवऱ्यामागे एकटीनं घराचे हप्ते फेडले. २००९ साली ब्रॅम्पटनच्या जयदीप कंत्राटदाराकडून बेसमेंट करून घेतलं. आपला माणूस म्हणून. करारात स्वच्छ लिहिलं होतं, काम संपल्यावर पंचेचाळीस दिवस बिलाचा दहावा हिस्सा राखून ठेवायचा, कारागिरांचं देणं थकलं तर त्यासाठी. पण बाईंनी सत्यनारायण घातलेला, आणि राबलेल्या माणसाचं देणं अंगावर ठेवून पूजेला बसायचं कसं? पूर्ण चेक दिला, वर नारळ आणि शर्टपीस. मेल्यानं वाकून नमस्कारही केला.

महिन्याभरात नोटीस आली. टाइल्स बसवणाऱ्या आंतोनियोला जयदीपनं दमडी दिली नव्हती, म्हणून त्यानं बाईंच्या घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, लावला होता. पैसे मिळेपर्यंत घर अडकलं, वेळ आली तर कोर्ट विकायलाही काढणार.

बाई तरातरा वकिलाकडे गेल्या. "मी राहते त्या घरात. दुसरं घर नाही मला. कायदा म्हणून काही आहे की नाही?"

"होता ना, काकू," नीलिमा वकील म्हणाली. "तो दहावा हिस्सा राखला असता, तर तोच कोर्टात भरून घर सुटलं असतं. आता तेवढा पुन्हा भरावा लागेल."

भरायला उरलंय काय? सगळी पुंजी बेसमेंटमध्ये गाडलेली. स्वतःच्या शहाणपणाचा बाईंना असा संताप आला की घास गिळवेना. मग आंतोनियोला झाडायला गेल्या. त्यानं सोललेले गुडघे दाखवले, म्हणाला, तीन आठवडे तुमच्या फरशीवर रांगलोय. बाईंनी तिथूनच जयदीपला फोन लावला. तो तर उचलतच नव्हता.

मिसिसागाला मंडळाच्या गणपतीत तो सापडला, आरतीचं तबक हातात घेऊन उभा. बाई सरळ पुढ्यात गेल्या. मागे सोबत आणलेला आंतोनियो, बूट काढून, मोज्यांवर.

"काकू, देवासमोर नको ना," जयदीप पुटपुटला.

"पैसे देवासमोरच दिले होते. तुला दिले म्हणजे याला पोचतील, असं समजून."

आरती थांबली. जयदीपचा हात खिशातल्या चेकबुकाकडे गेला.

"चेक नको. बँकेचा ड्राफ्ट आण. उद्या बँक उघडेल, तोवर मी इथेच आहे."

बाईंनी दुखरे गुडघे मोडून गणपतीपुढे बैठक मारली. आंतोनियोही शेजारी बसला.