सोयऱ्यांचा रस्ता

माझ्या सासऱ्यांचं वर्णन करायचं तर पायांपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्याच्या वर मी कित्येक वर्षं पाहिलंच नाही. आमच्या काळी सून सासऱ्यासमोर उभी राहायची ती पदर कपाळाखाली ओढून आणि मान खाली घालून. त्यामुळे मामाजी म्हणजे माझ्यासाठी दोन रुंद पावलं, काळ्या रानात भेगाळलेल्या टाचा आणि डाव्या पायाचा अंगठा. हा अंगठा बाकीच्या बोटांशी भांडून वेगळा निघाल्यासारखा बाजूला उभा असे. मामाजी खुशीत असले की तो एकटाच ताल धरायचा, रागावले की जमिनीत रुतायचा. त्यांचा चेहरा कसा होता ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण त्यांची मर्जी मी त्या अंगठ्यावरून अचूक ओळखत असे.

हे पाय मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या माहेरी, खानदेशात, पाचोऱ्याला. मामाजी मला पाहायला आले होते. मुलीला पाहायला आलेली माणसं स्वयंपाकाचं विचारतात, दळणाचं विचारतात. मामाजींनी बसल्या बसल्या माझ्या वडिलांना विचारलं, "टेशन इथून किती दूर हाय?"

वडील गोंधळले. म्हणाले, "हाकेच्या अंतरावर."

अंगठा हलू लागला. "बरं. अन् गाडी दिवसा येते का राती? ओसरीवर किती मानसं झोपतात? पानी कुठचं, हिरीचं का नदीचं?" सगळी उत्तरं मिळाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. अमरावतीकडचं तालेवार घर, कुळं जुळणारी, मग वडिलांनी फार चौकशी केली नाही. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मला उलगडा झाला. मामाजींना सून हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना मुंबईच्या वाटेवर एक मुक्काम हवा होता.

ते दिवस कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्या पायी आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या पिकाला, सोन्याचे दिवस आले होते. कोणी बैलांची शिंगं चांदीनं मढवत होतं, कोणी नाचगाणी बसवत होतं. मामाजींनी घुंगरांची एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी घेतली, बसायला गादी आणि वर रंगीत छत असलेली, आणि सासूबाईंना शब्द दिला की तुला मुलूख दाखवीन. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचं माहेर तिवश्याचं. तिवसा आणि कौंडण्यपूरची जत्रा, यापलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या जत्रेत वर्धेच्या काठावर उभ्या राहून त्यांनी नदीकडेच पाहून विचारलं होतं, "हे पानी पुढं कुठी जाते?" शेजारी उभ्या असलेल्या मामाजींनी तितक्याच आडून सांगितलं, "समुद्रात." "अन् समुद्र कसा अस्ते?" मामाजींनीही समुद्र पाहिला नव्हता. ते त्यांना तेव्हापासून सलत होतं.

आडून बोलण्याचं कारण सांगायला हवं. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घरात वडीलधारे म्हणजे मामाजींचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे थोरले काका म्हणत. ते सकाळी ओसरीवर बसले की दिवे लागेपर्यंत हलत नसत. सबब मामाजी ओसरीच्या खांबाशी बोलत आणि आत्याबाई आतून जात्याशी. साऱ्या प्रवासाचा बेत या दोघांच्या मध्यस्थीनं ठरला.

"खांबा, पंधरा दिवस पुरतीन काय रे?"

"जात्या, समुद्र पाह्याचा हाय, बाजार नाई. महिना लागीन."

"खांबा, महिना त महिना."

थोरले काका मधेच विचारत, "पन काहून जाता? देवाले नाई, लग्नाले नाई, मयतीले नाई. नुसतं पाहाले कोनी जाते काय?" मामाजी खांबाला पुढचा मुक्काम सांगत.

मामाजींनी अंगणात सरकीचे दाणे मांडून सगळी वाट आखली होती. अमरावतीचा दाणा, मग बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. अकोल्याला तेव्हा रूळ नुकते आले होते, तिथून पुढे आगगाडी. प्रत्येक दाण्याला त्यांनी एकेक नातं चिकटवलं होतं: बडनेऱ्याला मावसभाऊ, मूर्तिजापूरला आत्याबाईंची मामेबहीण, अकोल्याला पुतणी. ते म्हणत, "रस्ता मुरमानं नाई बनत, सोयऱ्यानं बनते. जिथी आपलं कोनी नाई तिथी पान्याचा घोट कोन देईन?" भुसावळच्या पुढे मात्र सोयरे संपत होते. म्हणून माझा, पाचोऱ्याचा दाणा. एकदा कोंबडी अंगणात शिरली आणि तिनं भुसावळ खाल्लं. मामाजींनी तिला कुंपणापर्यंत पिटाळलं आणि परत येऊन वाट पहिल्यापासून मांडली.

होळी झाली, कापूस विकून झाला, आणि आम्ही निघालो. आम्ही म्हणजे ते दोघं आणि मी. मला माहेरी सोडायचं असं निमित्त होतं. मामाजी बडनेऱ्याला एक रात्र राहणार होते. मावसभावानं सकाळी बैल सोडून शेतावर पाठवून दिले आणि म्हणाला, "बुधवारी पाहुना जाते काय कुठी?" गुरुवारी त्याच्या सासऱ्यांकडे जेवण निघालं, कारण बडनेऱ्यात येऊन त्यांच्याकडे गेलो नाही तर ते जन्माचे रुसले असते. मूर्तिजापूरला मामाजींचे जोडेच लपवले. शोधता शोधता ते धान्याच्या कणगीत सापडले, तोवर आणखी दोन मुक्काम झाले होते. अकोल्याला पुतणी बाळंत झाली होती. बारसं टाकून कसं निघणार? बारसं उरकतंय तोच तिचा चुलतसासरा गेला. आता तेरवी टाकून कसं निघणार?

मामाजींचा अंगठा रोज थोडा थोडा जमिनीत रुतत होता. पण तोंडानं ते म्हणत, "मानसं हाय म्हून अडकवतात. दगड अडकवीन काय?"

शेवटी आगगाडीत बसून आम्ही पाचोऱ्याला पोचलो. माझे वडील स्टेशनावर वाजंत्री घेऊन उभे होते. मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदा दारात आलेले! वडिलांनी त्यांना हलूच दिलं नाही. आज पुरणपोळी, उद्या मांडे, परवा भावकीत जेवण. मामाजींनी जायचा विषय काढला की वडील हात जोडून उभे राहत, "व्याहीबुवा, आमच्याकडून काही चुकलं का?" मग मामाजी पुन्हा पानावर बसत. असं करता करता आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. आखाजी झाली की पेरणीची तयारी. मामाजी मुंबईच्या दिशेच्या रुळांकडे एकदा पाहून आले आणि मलाही घेऊन परतीच्या गाडीत बसले. 

घरी आल्यावर थोरल्या काकांनी विचारलं, "मंग, पाह्यला काय मुलूख?"

आतून जातं थांबल्याचा आवाज आला. "जात्या, मुलूख नाई पाह्यला. पन चुली पाह्यल्या. बडनेऱ्याची पाह्यली, मूर्तिजापूरची पाह्यली, अकोल्याची पाह्यली, व्याह्यायची पाह्यली. पुरन सगळीकडं सारखंच वाटा लागते. त्यासाठी घर सोडाले नाई लागत."

हे खरं होतं आणि मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मामाजी ज्या ज्या ओसरीवर पाहुणे होते, त्या त्या घराच्या आत आत्याबाई पोळ्या लाटत होत्या. नात्यातली बाई घरी येऊन नुसती बसेल कशी? पूर्ण प्रवासभर त्यांच्या पदराला घरच्यासारखाच धुराचा वास होता. ओसरीवर अंगठा इतका खोल रुतला की मला मामाजींची कीव आली.

त्याच पावसाळ्यात पलीकडची लढाई संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. चांदीची शिंगं उतरली. जो तो कपाळाला हात लावून बसला. आत्याबाईंनी समुद्राचं नाव काढणं सोडून दिलं. एकदा मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "राहू दे पोरी. भाव होता तवा सोयरे पाह्यले, आता भाव नाई." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं.

पुढच्या होळीनंतर एका सकाळी दमणी दारात दिसली नाही. मामाजींनी ती मुंबईच्या खर्चासाठी घुंगरांसकट विकली होती. थोरले काका कडाडले, "भाव पडला अन् तू फिराले निघाला?"

"खांबा," मामाजी म्हणाले, "भाव त पडला. आता मीबी पडून राहू काय? अन् आयक, या खेपेले जिथी आपलं कोनी नाई तिथीच उतराचं. सोयरा आला की रस्ता संपला. बडनेऱ्याले आता रूळ आले. तिथून बसाचं ते सरळ मुंबई. तयारी कर."

जातं थांबलं. दुपारपर्यंत भाकरी आणि तिळाच्या चटणीचं गाठोडं दाराशी येऊन बसलं होतं.

थोरल्या काकांनी हट्टानं माझ्या वडिलांना निरोप धाडला, की व्याही अमक्या गाडीनं येताहेत, त्यांना उतरवून घ्या. वडील डबे धुंडाळत फिरले, हातात लाडवांची टोपली. पुढे आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "नव्हते गं कोणी. एका डब्यात एक म्हातारा तोंडावर घोंगडी घेऊन झोपला होता, शेजारी एक बाई पदर तोंडात कोंबून बसलेली. रडत होती की काय कोण जाणे. पण म्हाताऱ्याचे पाय मात्र थेट व्याह्यांसारखे होते. डाव्या पायाचा अंगठा झोपेतही हलत होता."  वडील फार भोळे होते.

महिना उलटून गेल्यावर दोघं परतली, काळवंडलेली आणि वाळलेली. धर्मशाळेत राहिली होती, फुटाणे-केळी खाल्ली होती. आत्याबाईंनी महिनाभर एक पोळी लाटली नव्हती. मामाजींनी थोरल्या काकांना बोगद्यातला अंधार सांगितला, धक्क्यावर पडलेल्या कापसाच्या गाठी सांगितल्या. "दादा, आपला कापूस समुद्राच्या काठी जाऊन बसला हाय, अन् आपन इथी बसून राह्यलो." थोरले काका हुं म्हणाले.

आत्याबाईंकडून मला दुसऱ्या दिवशी दळताना कळलं. परतीच्या आधी ते पुण्यालाही जाऊन आले होते. तिथे धर्मशाळेत शेजारच्या एका बाईनं काळजीनं विचारलं, "अहो, तुम्ही दोघं सारखं भांडता कशाला?" आत्याबाई म्हणाल्या, "मी म्हनलं, बाई, भांडून नाई राह्यलो, बोलून राह्यलो. आमचं बोलनं असंच हाय." आणि मग खूप वेळ हसत राहिल्या.

"अन् समुद्र?" मी विचारलं.

"मोठा हाय. लय मोठा. पन पोरी, तिथी खांब नव्हता. थोरले नव्हते, कोनी वयखीचं नव्हतं. दिवसभर यायच्याशी तोंडाकडं पाहून बोलली. तुह्या सासऱ्याच्या उजव्या डोयात तीळ हाय, ठाऊक हाय काय तुले? मले नव्हतं. पोराचं लगन झालं तरी मले नव्हतं ठाऊक." त्यांनी जात्यात मूठभर दाणे टाकले. "समुद्र काय, पुन्हा पाह्यला नाई तरी चालते."

घरी आल्यावर खांब आणि जातं पुन्हा कामाला लागले. तरी पूर्वीपेक्षा त्यांचं संभाषण वाढलं होतं. थोरले काका कुरकुरत, की खांब आजकाल फार बोलतो.

काही वर्षांनी मामाजी आजारी पडले आणि उठले नाहीत. निरोप गेले तसे सगळे दाणे एका घरात जमा झाले. बडनेरा आला, मूर्तिजापूर आलं, अकोला आला, माझे वडील आले. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मामाजींनी आपलं अंथरूण खांबाजवळच घालायला लावलं होतं. मी पायथ्याशी मान खाली घालून उभी होते. अंगठा अगदी हळू हलत होता.

"खांबा," ते म्हणाले, "बरं हाय. पुढच्या मुक्कामी आपलं कोनी नाई."

थोरले काका म्हणाले, "काहून नाई रे? आपला बाप हाय, माय हाय, आजा हाय. सगळे वाट पाहून राह्यले असतीन."

"बापा रे," मामाजी म्हणाले. "मंग ते काई पुढं जाऊ देत नाई. घोंगडी आना. तोंडावर घेतो."

माझे वडील एकदम ताठ झाले. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी सगळं समजलं.

घोंगडी कोणी आणली नाही. आतून आत्याबाई आल्या. थोरल्या काकांसमोरून, साऱ्या सोयऱ्यांच्या मधून त्या चालत आल्या आणि मामाजींच्या उशाशी बसल्या. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"तोंड नका झाकू," त्या म्हणाल्या. "अन् खांबाशी नका बोलू. माह्याशी बोला."

 मामाजी हसल्याचा आवाज आला आणि मी मान वर केली. उजव्या डोळ्यात तीळ होता.