दोन ते चारच्या मधला संशय

त्या उन्हाळ्यात मी माझ्या सख्ख्या आईवर पाळत ठेवली होती. कारण विचाराल तर कॉम्प्युटर.

खामगावच्या आमच्या घरात तो येऊन वर्ष झालं होतं. बायको शाळेत शिकवायची आणि जोडीला एम.फिल. करत होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती रोज दुपारी प्रबंध टाइप करायला बसायची. पंधरा दिवसांत प्रबंध विद्यापीठात गेला नाही, तर दोन वर्षांची मेहनत वाया जाणार होती. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर लिहिता लिहिता एकाएकी काळा पडू लागला. मग आपला आपणच सुरू व्हायचा, जणू काही झालंच नाही. मधला मजकूर मात्र गायब.

घरातला तज्ज्ञ मी. पिन काढून परत लावली, वायर हलवली, बोर्ड बदलला. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे व्होल्टेज पडत असणार, या खात्रीने गव्हाचा डबा घेऊन चौकशीला गेलो. गिरणीवाला म्हणाला, "पट्टा तुटला साहेब, चार दिवस झाले गिरणी बंद हाय." डबा तसाच घरी आणला.

मग मी रोज बायकोला विचारून बंद पडण्याच्या वेळा डायरीत लिहू लागलो. सगळ्या दुपारी दोन ते चारच्या मधल्या. त्या वेळी खोलीत बायको आणि आई. आई खाली चटईवर, कॉम्प्युटरच्या डब्याला लागून बसायची. तिने देवाला एक लाख वाती बोलल्या होत्या. दुपारभर कापूस वळायची. डब्याचं बटण बरोबर तिच्या कोपराच्या उंचीवर. आणि बायकोने एम.फिल.ला नाव घातलं तेव्हा हीच म्हणाली होती, "नोकरी हाय, पोरं हायत, आता आनखी कायले शिकाचं?"

मला दुसरा पुरावा नको होता.

तरी वरवर उपाय म्हणून टेबलफॅन आणून मी डब्याच्या दिशेने लावला. उकाड्याने तापत असेल तर थंड होईल. आईने लगेच त्याच्याकडे पाठ करून वाऱ्याची जागा धरली, म्हणजे डब्याच्या आणखी जवळ सरकली. आता तो दर पंधरा मिनिटांनी बंद पडू लागला. माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पेपर घेऊन समोर बसलो.

"काऊन रे," आई म्हणाली, "कवाचा एकच पान पाहून राह्यला. कोनी वळखीचं मेलं का?"

तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. आईचे दोन्ही हात कापसात होते. पण कोपर मला नीट दिसलं नव्हतं.

"आई, त्या बटनाले हात नको लावत जाऊ," मी म्हणालो.

तिने कापूस गोळा केला. चटई गुंडाळली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की बंद पडायची पाळी आता माझी.

त्यानंतरची दुपार आईविना गेली. कॉम्प्युटर पाच वेळा बंद पडला. शेवटी बायकोनेच दुकानातून मेकॅनिक आणला. त्याने डबा उघडला आणि ओरडला, "भाऊ, यात गादी भरली का तुमी?"

आतला छोटा पंखा कापसाच्या तंतूंनी गच्च झाला होता. पंखा फिरत नव्हता म्हणून डबा तापायचा, तापला की बंद पडायचा. दुपारच्या उन्हात तर हमखास. थोडा कापूस आधीपासून जात असणार; उरलेला मी टेबलफॅन लावून पोचवला होता.

मेकॅनिकच्या हातातला काळा गोळा पाहून आई दारातूनच म्हणाली, "माह्या वाती गेल्या म्हना की त्या डब्यात."

"आत्या, पण बोलल्या कशासाठी होत्या?" बायकोने विचारलं.

"तुह्या पुस्तकासाठी. लिवनं होऊ दे म्हटलं सुखरूप." मग माझ्याकडे वळून, "आन हा मलेच चोर समजून राह्यला."

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. लाखातल्या अजून नऊ हजार वाती बाकी होत्या. त्या आईने मला स्वयंपाकघरात बसवून माझ्याकडून वळून घेतल्या. पहिल्या दिवशीच्या माझ्या सगळ्या वाती तिने बाजूला काढल्या.

"ह्या देवाले नाई चालत," ती म्हणाली. "दोरखंड हाय हे. पुना वळ."